आमचे सर मुख्यालयी राहतात

वडीगोद्रीच्या शाळेत मधल्या सुट्टीत डबे उघडले, की पहिल्याच घासाला कुणीतरी विचारणार, "गाडेकरबाई, सरांचं नवीन काय?" बाकीच्या बाया नवऱ्याच्या तक्रारी सांगतात, त्या दोन-चार महिन्यांत संपतात. माझा नवरा तत्त्वाचा माणूस आहे. त्यामुळं माझ्याकडं साठा भरपूर!

सर म्हणजे माझे मिस्टर. तेही शिक्षक, आणि त्यांच्या शाळेचे स्काऊटमास्तर. खाकी गणवेश, गळ्यात स्कार्फ, कमरेला दोरी, खिशात शिट्टी. लहानपणी स्काऊटचं वचन घेतलं ते अजून पाळतायत. आता शाळेत शपथा आपण सगळेच घेतो हो, पण दहावी झाली की सोडून देतो ना!

*

लग्न झालं एक्याऐंशी साली, अंबडला. जेवणं उरकल्यावर माझे थोरले मामा नव्या जावयाला भेटायला आले. मामा म्हणजे चार गावांत मान असलेला माणूस. त्यांनी हात पुढं केला, तर सरांनी डावा हात काढला! स्काऊट डाव्या हातानं हस्तांदोलन करतात, हे मामांना कुठून माहीत असणार?

"पावनं, उजव्या हाताला काय झालंय?"

"काय न्हाई मामा. डावा हात काळजाच्या जवळ असतो."

मग पंधरा मिनिटं त्यांनी मामांना स्काऊटचा इतिहास सांगितला. मांडवात! मामांनी सगळं ऐकून घेतलं. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मंगल, पोरगं चांगलं हाय. पण उलट्या हाताचं हाय. सांभाळ."

*

आता मुख्य दुखणं सांगते. माझी शाळा वडीगोद्रीला, सरांची घनसावंगी तालुक्यातल्या एका आडगावात. मोटरसायकलवर पाऊण तासाचा रस्ता. त्यांच्या शाळेतले बाकीचे चारही शिक्षक रोज अपडाऊन करायचे. सकाळी आले, संध्याकाळी आपापल्या घरी. पण दरवर्षी एक दाखला द्यावा लागायचा, "मी मुख्यालयी राहतो" म्हणून. म्हणजे शाळेच्याच गावात. चौघांनी सही ठोकली आणि गाडीला किक मारली. आमच्या सरांनीही सही केली. आणि त्याच गावात खोली करून राहिले!

त्यांचे एक जोडीदार, मुंढे सर, रोज आमच्या दारावरून जायचे. त्यांनी हजारदा समजावलं. "सर, बसा मागं. बायको-पोरगी तिकडं, तुम्ही इथं एकटे कशाला भाकरी थापून राह्यले?"

"दाखल्यावर 'राहतो' लिहिलंय."

"लिहायला काय जातंय? सगळ्यांनीच लिहिलंय!"

"मंग सगळे राहा की."

एकदा साहेब सकाळी सातलाच तपासणीला आले. पाचांपैकी एकच शिक्षक सापडला, हापशावर कपडे धूत बसलेला. साहेब खूष! सगळ्या गावासमोर पाठ थोपटली. मला वाटलं, चला, आता तरी काही चांगलं होईल. पुढच्या आठवड्यात ऑर्डर आली. मतदार याद्या, जनगणना, गुराढोरांची गणना, सगळं गाडेकर सरांकडं.

मी विचारलं, "अन् ते बाकीचे चौघं?"

सर म्हणाले, "ते गावात राहत न्हाईत ना. त्यांना गावातलं काम कसं देणार?"

*

शनिवारी सकाळची शाळा. दुपारच्या बसनं सर घरी यायचे, सोमवारी पहाटे परत. म्हणजे आमचा संसार दीड दिवसाचा. त्यातही रविवारी सकाळी सहाला शिट्टी! मी आणि पोरगीनं अंथरुणातून उठून ओळीत उभं राहायचं तेवढं बाकी होतं.

एका शनिवारी मी पुरणपोळ्या केल्या. वाट बघतेय, बघतेय, दुपारची बस गेली, संध्याकाळची गेली. माणसाचा पत्ता नाही. रविवारी दहाला दारात उभे! अंगभर उसाचं पाचट, स्कार्फ काळा झालेला. अंकुशनगरच्या रस्त्याला उसाची ट्रॉली पलटी झाली होती. बसमधले सगळे खिडकीतून बघत बसले, आमचे सर दोरी घेऊन खाली उतरले. ऊस रचून होईपर्यंत शेवटची बस गेली, मग तिथंच ऊसतोड टोळीच्या कोपीवर, पाचटाच्या झोपडीत मुक्काम.

मी फणफणले. "तुम्हालाच सापडली का ती ट्रॉली?"

"रोज एक सत्कृत्य करायचं असतं. कालचं राह्यलं होतं."

"मग माझ्यासाठी करा की एखादं!"

ते पाचट झटकत अगदी शांतपणे म्हणाले, "घरच्यांसाठी केलेलं त्यात धरत न्हाईत."

पोळ्या मी आदल्या दिवशीच शेजारी वाटून टाकल्या होत्या. म्हणजे सत्कृत्य माझंही झालंच होतं, फुकटात!

*

आमची वर्षा तिसरीत असताना तिच्या बाईंनी 'माझे बाबा' या विषयावर चार ओळी लिहायला सांगितल्या. त्या बाई माझ्याच शाळेतल्या. मधल्या सुट्टीत वही घेऊन आल्या आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

"माझे बाबा शनिवारी येतात. ते खूप प्रामाणिक आहेत. ते कधीच खोटं बोलत नाहीत. आई त्यांना त्यावरून रागावते."

सगळ्या पोट धरून हसल्या. मीही हसले. पण मनाला फार लागलं. पोरगी आठ वर्षांची झाली आणि बाप शनिवारी येतो, हीच तिची पहिली ओळ!

मग मीच हट्टाला पेटले. काहीही करून एका गावात राहायचंच.

*

माझा भाऊ बाळू खटपट्या माणूस. तो म्हणाला, "ताई, दाजीला हृदयविकार दाखवू. आजारी माणसाची बदली जल्दी होती." जालन्याला त्याच्या ओळखीचे एक डॉक्टर होते. बाळूनं त्यांना सगळं सांगून ठेवलं. सरांना मात्र सांगितलं, नुसती तपासणी आहे.

डॉक्टरांनी कागद काढला. "गाडेकर सर, छातीत दुखतं ना?"

"न्हाई."

"जिना चढताना दम लागत असेल."

"बिलकुल न्हाई. काल पोरांना घेऊन डोंगर चढलो. पाठीवर तंबू होता."

बाळू टेबलाखालून पाय मारतोय. सर म्हणतात, "बाळू, तुझा पाय लागून राह्यला." डॉक्टरांनी डोळ्यांनी खुणावलं, तर सरांनी त्यांनाच विचारलं, "डोळ्यात काही गेलं का?"

शेवटी डॉक्टर वैतागले. पट्टा काढलेलाच होता, म्हणून जाता जाता बाळूचं बीपी मोजलं. एकशे सत्तर! सर ठणठणीत घरी आले. बाळूला तेव्हापासून गोळी सुरू आहे.

*

तरी बाळूनं हार मानली नाही. जांब समर्थच्या उत्सवाला एक मोठे पुढारी येणार होते. त्यांच्या हातात बदलीचा अर्ज ठेवायचा, असं ठरलं. दर्शनाच्या रांगेची व्यवस्था सरांच्या स्काऊटकडं, म्हणजे सर तिथं असणारच. म्हटलं, ओळखही होईल. मी अर्ज पर्समध्ये घालून, नवी साडी नेसून देवळापाशी उभी.

गाड्या आल्या. पुढारी उतरले, मागं वीस-पंचवीस माणसं. सगळे सरळ दाराकडं निघाले, तर मध्ये दोरी! दोरीच्या अलीकडं आमचे सर.

"साहेब, रांग तिकडून हाय."

एक कार्यकर्ता ओरडला, "ओ मास्तर, ओळखलं का कोण हायेत?"

"ओळखलं ना. म्हनून तर साहेब म्हनलो."

पुढारी क्षणभर थांबले, हसले आणि खरंच रांगेत जाऊन उभे राहिले! अर्धा तास! दर्शन झाल्यावर त्यांनी सरांना जवळ बोलावून खांद्यावर हात ठेवला. मी पर्स उघडली, अर्ज बाहेर काढला. तेवढ्यात ते शेजारच्या अधिकाऱ्याला म्हणाले, "असा माणूस या भागाला पाहिजे. यांना इथून हलवू नका!"

अर्ज परत पर्समध्ये घातला. बाळूनं डबल गोळी घेतली.

*

मग मी म्हटलं, यांना आणणं होत नाही, तर आपणच जावं. सरांच्या शाळेत एक जागा रिकामी झाली होती. मुंढे सर रिटायर झाले होते. नवरा-बायकोला एका गावी आणायच्या सवलतीत मी माझ्याच बदलीचा अर्ज टाकला. लग्नाला एकोणीस वर्षं होत आली होती. वर्षा कॉलेजात. एवढ्या वर्षांत आम्ही दोघांनी सलग आठ दिवस एका घरात काढले असतील, तर ते मे महिन्यात. तेही शिबिर नसलं तर!

जालन्याला जिल्हा परिषदेत बोलावणं आलं. सर शिबिरात, म्हणून मी एकटीच गेले. तिथं व्हरांड्यात कळलं, दोन शाळांतलं अंतर तीस किलोमीटरच्या वर असेल तरच सवलत. आमचं अठ्ठावीस!

दोन तास नंबराची वाट बघत बसले आणि मनात घोकत राहिले. एकतीस. एकतीस. एवढा एक आकडा तर सांगायचा होता! शेजारच्या बाईही म्हणाल्या, "बिनधास्त सांगा. तिथं कुणी मोजत नसतंय."

नंबर आला. साहेब भले वाटले. कागद बघून म्हणाले, "बरीच वर्षं झाली हो तुम्हाला. दोन शाळांतलं अंतर?" बाजूच्या क्लार्कला दया आली असावी. पेन टेकवून तोच म्हणाला, "एकतीस-बत्तीस असंल ना बाई? एकतीस लिहू?"

मला तोंडानं खोटं बोलायचंही नव्हतं. नुसती मान हलवायची होती.

मान हलली. आडवी!

"अठ्ठावीस," मी म्हणाले.

साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं, मग क्लार्ककडं. "पुढचं नाव घ्या."

स्टँडवर येऊन मी डोळ्यांना पदर लावून रडले. नवऱ्यावर संताप, त्या स्काऊटवर संताप, आणि सगळ्यात जास्त माझ्या मानेवर!

शनिवारी सर आले. पाणी दिलं आणि झालं ते सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आज तरी हा माणूस मला शाबासकी देईल. उभं राहून सलाम ठोकेल. सरांनी हातातला तांब्या दाणकन खाली ठेवला, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर ओरडले, "येडी का काय तू मंगल? एकतीस म्हनायचं ना!"