आत्याचे चिनी तालुके

माझ्या आत्याच्या मते माणसाच्या आयुष्यातली निम्मी दुःखं चुकीच्या पत्त्यामुळे होतात आणि उरलेली निम्मी अपुऱ्या पत्त्यामुळे. हे मत तिनं कुठे वाचलेलं नाही. सगळी नोकरी टपाल खात्यात काढून, शेवटची काही वर्षं पोस्टमास्तरच्या खुर्चीत बसून तिनं ते कमावलेलं आहे. त्यात राहायला कर्जत. महाराष्ट्रात कर्जत दोन : एक आमचं, रायगडातलं, आणि दुसरं तिकडे नगर जिल्ह्यातलं. पाकिटावर नुसतं 'कर्जत' लिहून मोकळे होणारे लोक या देशात किती आहेत हे आत्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. तिकडच्या नवऱ्या मुलांच्या पत्रिका, तिकडच्या कोर्टाच्या तारखा, एकदा तर तिकडच्या कुणा बाईला भावानं पाठवलेली राखीची भेट, सगळं आमच्याकडे यायचं आणि आत्या ते लाल पेन्सिलीनं दुरुस्त करून पुढे धाडायची. निवृत्त झाल्यावर पेन्सिल तिच्याबरोबर घरी आली. घरी आलेल्या माणसाला ती आधी पाणी देते, मग पिनकोड विचारते आणि पिनकोड बरोबर आला तर चहा. माझी बायको लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या पाया पडायला गेली, तेव्हा माहेरच्या पिनकोडातला शेवटचा आकडा तिला आठवेना. आत्यानं आशीर्वाद दिला, पण तो जरा हात राखूनच.

त्यामुळे सिंगापुरात नोकरी करणाऱ्या माझ्या आतेभावानं जेव्हा एके दिवशी तिला फोनवर सांगितलं की, आई, मी इथल्या एका मुलीशी लग्न करतोय, ती मूळची मलेशियातल्या पेनांगची, चिनी घरातली आहे, तेव्हा मी खोपोलीहून स्कूटर काढून तातडीनं कर्जतला गेलो. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा एकुलता एक. म्हटलं, बाई कोसळल्या असतील. आत्या अंगणात तगरीची फुलं काढत होती.

"कळलं का रे?" ती म्हणाली.

"कळलं. तू काय म्हणालीस त्याला?"

"पोस्टकोड विचारला. पाच आकडी असतो तिकडे. त्यानं न अडखळता सांगितला. म्हणजे पोरगा गंभीर आहे."

मुलीचं नाव यू आणि आडनाव बाय. चिनी माणसं आडनाव आधी लावतात, म्हणून 'बाय यू'. आत्याला ते ऐकताक्षणीच पसंत पडलं, कारण आमच्या भागात घरच्या लाडक्या लेकीला 'बाय' म्हणूनच हाक मारतात. पुढे तिला कुणीतरी सांगितलं की चिनी उच्चारातला तो 'ब' थोडा 'प'कडे झुकतो. मग पंधरवडाभर ती 'ब' आणि 'प' यांच्या मधलं काहीतरी म्हणण्याचा सराव करत होती. दूधवाला एकदा काळजीनं मला विचारत होता, "आत्याचा पाय दुखतोय का वो? सारखं पाय पाय करतात."

सुनेच्या आजीशी आणि आईवडिलांशी त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलता यावेत म्हणून आत्या या वयात चिनी शिकायला बसली. फोनवर शिकायची. मला वाटलं आठवड्यात नाद सोडेल, पण तिसऱ्या-चौथ्या धड्याला तिला कळलं की चिनी शब्दकोशात हजारो अक्षरं लावायची एक पद्धत आहे. प्रत्येक अक्षरात एक मूळ खूण असते. पाण्याची खूण असलेली अक्षरं एका गटात, गवताची एका, झाडाची एका, अशा सगळ्या मिळून दोनशे चौदा खुणा. झालं. आत्याला नोकरीवर परत घेतल्यासारखा आनंद झाला. "अरे, हे तर सॉर्टिंग आहे!" ती म्हणाली. या खुणांना तिनं 'तालुके' असं नाव दिलं. नदी, तळं, समुद्र सगळे पाणी तालुक्यात. चहा गवत तालुक्यात. मग ती जगच त्या हिशेबानं लावायला लागली. पलीकडच्या वाडीतून भाजी घेऊन येणाऱ्या बाईला तिनं मेथी, शेपू आणि माठ एकत्र का ठेवावेत आणि भोपळा त्यांच्यात का घुसवू नये हे अर्धा तास समजावलं. त्या बाईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आत्या, भोपळा मदी नाय ठेवला तर टोपली कलंडतीय. तालुका नंतर बघू."

त्या दोनशे चौदांच्या तक्त्यात आत्याला एक दिवस 'बाय' सापडलं. चौकोनी खिडकी, मध्ये आडवा गज, डोक्यावर तिरपी काडी. अर्थ पांढरा. आणि 'यू'ही सापडलं. तीन आडव्या रेघा, मधून उभी दांडी, कोपऱ्यात ठिपका. अर्थ एक हिरवट मौल्यवान दगड. सुनेचं आख्खं नाव तक्त्यातच. आत्यानं मला फोन केला तो केवळ, "दोन्ही तालुक्याची ठिकाणं आहेत रे," एवढंच सांगायला.

लग्न सिंगापुरात नोंदणी पद्धतीनं झालं आणि स्वागत समारंभ कर्जतला ठरला. पत्रिका मराठीत आणि चिनीत. चिनी मजकूर आत्यानं स्वतः रचला, सुनेला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून तिला न विचारता. नाव मात्र तिनं त्या तक्त्यातूनच उचललं. इतक्या कौतुकानं सापडलेलं दुसरीकडून कशाला आणायचं? छपाई खोपोलीत माझ्या ओळखीच्या साजगावच्या माणसाकडे. पहिल्या नमुन्यात नवरीच्या नावाच्या जागी दोन रिकामे चौकोन आले. छापखानेवाला म्हणाला, "मावशी, आमी काय करनार? आमच्या कॉम्प्युटरला तुमची सून दिसतच नाय." त्यानं टंक बदलून बघितले तेव्हा एकात नाव उमटलं. आत्यानं भिंग लावून ठिपका तपासला, पत्रिका छापल्या गेल्या आणि तोच मजकूर तिनं फोनवरून पेनांगला पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आतेभावाचा फोन. "आई, तू काय पाठवलंयस? इकडे रडारड झालीये."

झालं होतं असं : यूची आजी पेनांगला राहते. तिला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. आलेला मजकूर तिचा फोनच तिला वाचून दाखवतो. फोननं पत्रिका खणखणीत वाचली. मुलाचं नाव, तारीख, हॉल, जेवणाची वेळ. फक्त नवरीचं नाव तो वाचेना. तिथं आला की गप्प बसे आणि पुढे जाई. आजीनं तीनतीनदा ऐकलं, मग सिंगापूरला नातीला फोन लावून सांगितलं, "पोरी, जीव घट्ट कर. तुझ्या नवऱ्याचं लग्न ठरलंय. त्याच्या आईचंच आमंत्रण आलंय. मुलगी कोण, ते लपवतायत."

सुनेनं आपल्या फोनवर पत्रिका उघडली तर नाव स्वच्छ दिसत होतं. सगळे हसले, आजीची समजूत काढली. आत्या मात्र हसली नाही. मी गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरात नुसती बसून होती. "जन्मभर दुसऱ्यांची चुकलेली पत्रं पोचवली," ती म्हणाली, "आणि घरचं एक पाठवलं तर त्यातून सूनच गळाली. काय म्हणाली असेल ती म्हातारी? म्हणेल, या बाईला आमची पोर नकोय."

मी म्हटलं, "अगं, फोनचा दोष असेल."

"फोन सांगकाम्या असतो. पत्ता बघायला हवा."

दोन दिवस ती त्या पत्त्याच्या मागे होती. तिसऱ्या दिवशी तिनं मला बोलावून घेतलं आणि समोर बसवलं. कॉम्प्युटरमध्ये जगातल्या प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो, हे मला ढोबळ माहीत होतं. आत्यानं शोधलं ते असं, की त्या दोनशे चौदा खुणांना दोन-दोन क्रमांक आहेत. लिहायचं अक्षर म्हणून एक, आणि शब्दकोशातल्या गटाचं शीर्षक म्हणून दुसरा. दिसायला दोन्ही हुबेहूब. तिनं तक्त्यातून उचलली होती ती शीर्षकं.

"समज, पाकिटावर कुणी नुसतंच 'तालुका कर्जत' लिहिलं," आत्या म्हणाली. "पोस्टमननं कुणाच्या दारात टाकायचं? तालुका काय दार उघडतो? मी माझ्या सुनेच्या जागी तालुका लिहिला रे."

मग तिनं योग्य क्रमांकांची अक्षरं घालून मजकूर पुन्हा लिहिला, स्वतःच्या फोनकडून वाचून घेतला, आणि फोन "बाय यू" म्हणाला तेव्हा कुठे तिनं दुपारचं जेवण घेतलं. तिथंच हे थांबलं असतं, पण आत्या मला घेऊन खोपोलीला छापखान्यात गेली. म्हणाली, सगळ्या पत्रिका पुन्हा छापा. छापखानेवाल्यानं जुनी आणि नवी अक्षरं शेजारी ठेवून पाहिली, चष्मा काढून पाहिली, उजेडात नेऊन पाहिली.

"मावशी, दोनी सारखीच हायत."

"दिसायला."

"मग कागदावर दिसन्याशिवाय दुसरं काय असतं वो? कागद काय वाचून दाखवतोय?"

आत्यानं भिंग काढलं, दोन्ही अक्षरांवरून फिरवलं आणि परत पिशवीत ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला वादात अडकलेली पाहिली. शेवटी त्यालाच दया आली. "असं करू," तो म्हणाला, "आजीबायसाठी एकच नवी छापतो. मनाला बरं वाटंल तुमच्या." तशी एक पत्रिका छापली गेली, आणि जिला ती दिसणारच नव्हती त्या आजीला आत्यानं ती रजिस्टर पोस्टानं पाठवली.

समारंभ थाटात झाला. सुनेचे आईवडील आले, आजीला प्रवास झेपण्यासारखा नव्हता. मांडवात जो तो नव्या नवरीला "ये गं बाय, बस गं बाय" म्हणत होता आणि ती थक्क होऊन प्रत्येकाकडे वळत होती. तिला वाटलं, अख्ख्या गावानं तिचं आडनाव पाठ केलंय. आत्यानं तिला खरं काय ते सांगितलं नाही, मलाही सांगू दिलं नाही. आठवड्यानं दोघं सिंगापूरला गेली. आत्यानं त्यांच्या बॅगेत मेतकूट भरून दिलं आणि गाडी वळणाआड गेल्यावर लगेच घरात आली, कारण तिला निरोपाचं रेंगाळणं आवडत नाही.

गेल्या महिन्यात मी सहज दुपारी कर्जतला गेलो. आत्या मागल्या पडवीत बसली होती आणि मांडीवरच्या फोनमधून एक थकलेला, चिरका बायकी आवाज भराभर काहीतरी सांगत होता. पेनांगची आजी. पत्रिका मिळाल्यापासून ती आत्याला रोज बोलून निरोप पाठवते.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक. माझं पुस्तकी चिनी त्यांच्या बोलीत कुठं पुरतंय? एखादा शब्द लागतो. आज भात ऐकला मी."

"आणि तू काय उत्तर देतेस?"

"मी मराठीत सांगते. काय भाजी केली, गुडघा कसा आहे. पोरं सुटीला येणार म्हणाली होती, जमत नाहीये, तेही सांगितलं परवा."

"त्यांना मराठी काय कळणार गं?"

 तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. आत्यानं तो कानाजवळ नेला, मला हातानंच थांब म्हणाली आणि डोळे मिटून ऐकू लागली. मधेच "हो ना," म्हणाली.