ऑपरेटरबाईंनी दुरून घेतलेली कुत्री

ऑपरेटरबाईंना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, पण त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. दुसऱ्या नावाने हाक मारायची ती एक त्यांची ताई, आणि ताई दोन वर्षांपूर्वी गेली.

सदतीस वर्षं बाई टेलिफोन खात्यात होत्या. त्यातली पहिली वीस परगावचे फोन जोडणाऱ्या ट्रंक बोर्डावर. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या, आणि गावोगावचे हजारभर नंबर तोंडपाठ. नंबर लिहून ठेवणारी ऑपरेटर कच्ची, असा तिथे पक्का समज होता. बाईंनी तर घरातसुद्धा कधी नंबरांची वही ठेवली नाही. बोलणारी माणसं दिसायची नाहीत, म्हणून मुली आवाजांनाच नावं द्यायच्या. एक बडा साहेब होता, त्याचं नाव तोफ. एक रोज माहेरी फोन लावणारी, ती रडकी. परगावच्या फोनचे पैसे तीन-तीन मिनिटांवर; तेवढी झाली की मध्ये पडून सांगायचं, "तीन मिनिटं झाली." कुणी पलीकडे मरणाला टेकलेलं असो की कुणाचं लग्न जमत असो, बाईंचा आवाज तसाच राहायचा. त्याचा त्यांना अभिमान होता. लग्न केलं नाही याचं कारण विचारलं तर म्हणायच्या, "दिवसभर दुसऱ्यांचं ऐकून कान किटायचे, घरी आणखी एक कुठे आणू?"

घरी ताई होती ना! तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाई, आतल्या खोलीत ताई आणि तिचं शिलाई मशीन. ताई चपला घासत चालायची, चहा फुर्र करून प्यायची आणि झोपली की अशी घोरायची की भिंत हलावी. या घोरण्यावरून दोघी बहिणी तीस वर्षं भांडल्या. ताई गेली आणि घरात असा चिडीचूप शुकशुकाट झाला की बाईंना नळ थेंबथेंब गळायला लागला तेव्हा बरं वाटलं. प्लंबरला त्यांनी दोन महिने बोलावलंच नाही. मग रेडिओ सुरू केला. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तो बडबडत असायचा. ऐकायला नव्हे, नुसता असावा म्हणून.

"बाई, एखादं कुत्रं पाळा," खालच्या औषधवाल्याने एकदा रक्तदाबाच्या गोळ्या देता देता सुचवलं. माणूस भला, पण सल्ले फुकट वाटण्यात पुढे. त्याने दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात बाईंच्या मोबाइलवर जाहिरातींचं एक अ‍ॅप टाकून दिलं आणि विषय त्याच्यापुरता संपला. बाईंच्या मनातून मात्र गेला नाही. ताईच्या एका गिऱ्हाइकाकडे आखूड पायांचं, लांब कानांचं एक कुत्रं होतं. फरशीवर चालताना त्याची नखं टकटक वाजायची. बाईंना ती टकटक हवी होती. पण ती जात त्यांच्या शहरात मिळेना. जाहिराती सगळ्या दूरच्या शहरांतल्या, आणि बाईंचे गुडघे औषधांच्या दुकानापर्यंत गेले तरी खूप, अशी परिस्थिती.

पहिल्याच जाहिरातीवर फोन लावला, तर पलीकडचा आवाज असा काही मधाळ की बाईंनी तिथल्या तिथे त्याचं बारसं केलं. गोडबोल्या. "मावशी, तुम्ही काळजीच सोडा. पिल्लू म्हणजे लाखात एक. खोड म्हणून नाही. फोटो पाठवतो, अर्धे पैसे टाका, चौथ्या दिवशी दारात." फोटो आला. पिल्लू खरंच इतकं गोड होतं की बाईंनी मोबाइल उशाशी ठेवला.

तरी सवय कुठे जाते? दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मला जरा त्याचा आवाज ऐकवा." लगेच आवाज आला. तीनदा भुंकणं, एक बारीक केकाटणं आणि मागे कुठे तरी भांडं पडल्याचा खणखणाट. बाई हसल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा ऐकवा म्हणाल्या. तीनदा भुंकणं, केकाटणं, खणखणाट. चौथ्या दिवशीही तेच. आता कुत्रं एकवेळ रोज सारखं भुंकेल, पण भांडं रोज त्याच्या भुंकण्यापाठोपाठ, त्याच जागी आपटून, तितकेच हेलकावे खाऊन थांबेल होय? बाईंच्या लक्षात आलं. पिल्लू नव्हतं. कधीच नव्हतं.

इथे कुणीही शहाणा माणूस फोन ठेवून देईल. बाई शहाण्याच होत्या, पण त्यांनी ठेवला नाही. कारण गोडबोल्या रोज दुपारी चारला फोन करायचा आणि पहिलं वाक्य असायचं, "मावशी, जेवलात का?"

दोन वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. तो खोटा आहे हे कळत होतं. समोर लिहिलेलं वाचून तो विचारतो आहे, हेही त्यांच्या कानाने टिपलं होतं. 'जेवलात'नंतर रोज तितकाच श्वास. पण चार वाजत आले की बाई चहा टाकायच्या, रेडिओ हळू करायच्या आणि खुर्ची फोनजवळ ओढून बसायच्या. काय जेवलो ते सांगायच्या. गुडघ्याचं सांगायच्या. ताईचंसुद्धा एकदा सांगितलं. तो "अरेरे" म्हणाला. असं अकरा दिवस चाललं. या अकरा दिवसांची त्यांना पुढे लाज वाटली, पण त्या वेळी वाटत नव्हती. त्या वेळी फक्त चार वाजायला किती वेळ आहे एवढंच मनात असायचं.

बाराव्या दिवशी गोडबोल्याने फास आवळला. "मावशी, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे. आज पैसे नाही टाकले तर पिल्लू गेलं समजा."

बाईंनी मोबाइलवर रकमेचा आकडा भरला. कशासाठी, हे त्यांना नीट ठाऊक होतं. पिल्लासाठी नव्हे, तर उद्या चार वाजता पुन्हा फोन यावा म्हणून. बोट बटणावर होतं आणि तेवढ्यात त्यांच्यातली जुनी ऑपरेटर जागी झाली. पैसे पोचले की लाइन तुटणार. नाही पोचले तरी तुटणार. उद्याचा फोन दोन्हीकडून गेलाच होता.

"मावशी? ऐकताय ना?"

"ऐकतेय," बाई म्हणाल्या, आणि मग तेरा वर्षांत वापरला नव्हता तो आवाज त्यांच्या तोंडून आला. कोरडा, स्वच्छ, सरकारी. "तीन मिनिटं झाली." आणि त्यांनी लाइन तोडली. चहा तसाच गार होऊन गेला. त्या संध्याकाळी त्या रडल्या, आणि एका लबाड माणसासाठी आपण रडतोय म्हणून स्वतःवरच चिडल्या.

चिडल्या ते बरं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहिरातींचं ते अ‍ॅप काढून टाकलं आणि जुन्या पद्धतीने कामाला लागल्या. पूर्वी आडगावचा फोन लावायचा तर थेट लागायचा नाही. या एक्स्चेंजने पुढच्या एक्स्चेंजला विचारायचं, त्याने त्याच्या पुढच्याला. बाईंनी दूरच्या शहरातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात फोन केला. "तुमच्याकडे आखूड पायांची, लांब कानांची कुत्री लस घ्यायला कुणाकडून येतात?" तिथल्या बाईने एका डॉक्टरचा नंबर दिला. डॉक्टर म्हणाले, मी नाही, पण माझा मित्र बघतो. मित्राने आधी झाडलं, मग एका कुत्रेवाल्याचं नाव सांगितलं. कुत्रेवाला म्हणाला, मी सोडलं ते काम, पण एक बाई आहे, तिच्याकडची जनावरं मी स्वतः बघितली आहेत; तोंडाची फटकळ आहे, सांभाळा. पाचव्या फोनला लाइन लागली.

नवव्या रिंगला कुणी तरी खेकसलं, "काय पाहिजे?" आवाज घोगरा, फाटका. मागे तीन-चार कुत्री, प्रत्येकाचं भुंकणं वेगळं, बादली ओढल्याचा आवाज, आणि मध्येच "ए, उतर तिथून!" बाईंनी डोळे मिटले. ही लाइन खरी होती. हिचं नाव घोगरी.

घोगरीने जेवलात का असं विचारलं नाही. वय किती? कितवा मजला? लिफ्ट आहे का? घरात आणखी कोण? दिवसाचे किती तास कुत्रं एकटं राहील? बाई उत्तरं देत गेल्या आणि त्यांना घाम फुटला. नोकरीच्या मुलाखतीलाही फुटला नव्हता.

"एकाहत्तराव्या वर्षी पिल्लू?" घोगरी म्हणाली. "मुळीच देणार नाही. ते पंधरा वर्षं जगतं, हिशोब तुम्हीच करा. एक म्हातारी आहे माझ्याकडे, आठ वर्षांची. पिल्लं घालणं थांबवलंय तिचं. पण आधीच सांगते. एका कानाने ऐकू येत नाही. दात दोन गेलेत. खणखणाटाला घाबरते. आणि घोरते. माणसासारखी घोरते. मागून कटकट नको."

"घोरते?" बाईंनी विचारलं.

"सांगितलं ना. नको असेल तर राहू द्या."

"नाही, नाही," बाई घाईने म्हणाल्या. "मला बघू द्या तिला. आत्ता, फोनवर." चित्र आलं. आखूड पाय, लोळणारे कान, थकलेले डोळे. बाईंना भरून आलं, पण एकदा पोळलेल्या होत्या त्या. "तिच्याजवळ एक भांडं पाडा बघू."

"काय?"

"पाडा हो."

खणकन आवाज झाला. म्हातारी उडाली, खाटेखाली घुसली आणि घोगरीने बाईंना अशा काही शिव्या घातल्या की तोफ साहेबानेही कानावर हात ठेवले असते. बाईंना कितीतरी दिवसांनी हसू आलं.

"पैसे कुत्री हातात आल्यावर द्या," घोगरी शांत झाल्यावर म्हणाली. "त्याआधी एक माणूस सांगा मला. तुमचं काही बरंवाईट झालं तर म्हातारीकडे कोण बघेल? नाव आणि नंबर. त्याशिवाय मी कुत्रं देत नाही. दोन दिवसांनी फोन करा."

ज्या बाईंना हजार नंबर पाठ होते, त्या दोन दिवस एक नंबर शोधत बसल्या. तोफ, रडकी, सगळ्यांचे नंबर आठवत होते. त्या नंबरांवर आता कुणीच नव्हतं. एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी गेल्या होत्या किंवा मुलांकडे परदेशी. ताजा म्हणून पाठ असलेला नंबर एकच होता, गोडबोल्याचा. हे लक्षात आलं तेव्हा बाई स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

शेवटी गुडघे सावरत जिना उतरल्या आणि औषधवाल्याला विचारलं. "हो, हो, लिहा ना माझा नंबर," तो गोळ्यांचं पाकीट कापता कापता म्हणाला. पण त्या 'हो'च्या आधी तो किंचित थांबला होता, आणि दुसरा 'हो' पहिल्यापेक्षा मोठा होता. बाईंनी तसे 'हो' आयुष्यभर ऐकले होते. "नुसतं विचारलं," म्हणत त्या पुन्हा तीन जिने चढल्या.

औषधवाल्याचा नंबर देऊन टाकला असता तर कुणाला कळणार होतं? पण बाईंनी कधी जाणूनबुजून चुकीची लाइन जोडली नव्हती.

"कुणी नाही," त्यांनी फोनवर सांगितलं. "खूप शोधलं. माझ्या मागे कुणीच नाही हो." हे वाक्य त्यांनी मोठ्याने पहिल्यांदाच उच्चारलं होतं, आणि त्यांचा तो प्रसिद्ध आवाज मध्येच फाटला.

पलीकडे बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मग माझाच नंबर ठेवा," घोगरी म्हणाली. "नाही तरी माझ्याकडचं कुत्रं माझ्याकडेच परत येतं, नियमच आहे माझा. दुसरा नंबर मागते तो समोरचा माणूस खरं बोलतो का ते बघायला."

पुढच्या आठवड्यात घोगरी स्वतः म्हातारीला घेऊन आली. आवाजावरून बाईंनी मनात धिप्पाड बाई धरली होती. निघाली ती बाईंच्या खांद्याएवढी, काडीसारखी. तिने दोन्ही खोल्या बघितल्या, गॅलरीचे गज मोजले, चहा घेतला. म्हातारीची नखं फरशीवर टकटक करत आतल्या खोलीत गेली. तिने ताईच्या पलंगाखाली वास घेतला, एक गोल चक्कर मारली आणि तिथेच अंग टाकलं.

चपला घालता घालता घोगरीने विचारलं, "माझा नंबर कुठे लिहिलाय?"

"लिहायला कशाला पाहिजे? पाठ आहे," बाई जरा तोऱ्यातच म्हणाल्या.

"तुम्हाला पाठ असून काय उपयोग?" घोगरी म्हणाली. ती रागावून बोलली नाही. जिना उतरून ती निघून गेली.

बाई दारातच उभ्या राहिल्या. मग कपाटातून ताईचा कापडावर खुणा करायचा खडू काढला, पण खडू पुसला जाईल म्हणून परत ठेवला. जाड पेन शोधलं, कॅलेंडरचं मागचं पान फाडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एक नंबर लिहून ठेवला. आकडे मोठे काढले, चष्मा नसलेल्यालाही दिसतील असे. खाली लिहिलं, 'घरात कुत्री आहे. हिच्यासाठी इथे फोन करा. एका कानाने ऐकत नाही, घाबरवू नका.' दार फोडून जो कुणी आत येईल त्याला पहिल्याच नजरेत दिसावं म्हणून कागद समोरच्या भिंतीवर चिकटवला. जुन्या सवयीने नंबर एकेक आकडा करत दोनदा मोठ्याने वाचून तपासला. बरोबर होता.

आतल्या खोलीतून घोरणं सुरू झालं. बाईंनी जाऊन रेडिओ बंद केला.