मामीचा गॅस का पेटेना

संगमनेरच्या आमच्या दोन खोल्यांत कपड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती. आईवडील दोघंही चळवळीतले. जेवणाची ताटं मांडण्याआधी पत्रकांचे गठ्ठे कॉटखाली सरकवणं हे लहानपणी माझं काम. मी वाचायला शिकले तीही त्यांच्यावरच. त्यामुळे ‘जाहीर निषेध’ हे शब्द माझ्या तोंडात ‘नमस्कार’च्या आधी आले असावेत. मामाच्या गावाला मला सगळे ‘पुढारीण’ म्हणत, आणि मला ते आवडायचं.

बीएस्सीला असताना सुट्टीत मामाकडे गेले, तो दिवस मामीच्या गोबरगॅसचा होता. गोठ्यामागच्या चरात जाड काळ्या कापडाची लांबलचक पिशवी बसवली होती. एका तोंडातून शेणाचा काला आत जायचा, दुसऱ्या तोंडातून मळी बाहेर यायची, आणि वरून निघालेली नळी थेट स्वयंपाकघरातल्या शेगडीला जोडलेली. या पिशवीसाठी मामी किती महिने भांडली होती. सिलिंडर घरात होता, पण तो पाहुण्यांच्या चहापुरता. रोजच्या भाकरी चुलीवर, आणि मामीचे डोळे कायम लाल. शेवटी मामा म्हणाला होता, “आण तुझी पिशवी. पण न्हाई चालली तर मला सांगायचं न्हाई.” त्या घरातलं हे पहिलं मोठं काम, जे मामीच्या शब्दावर झालं.

पिशवी टम्म फुगलेली. शेगडीला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. शिऱ्यासाठी रवा काढून ठेवला होता. मामीनं काडी ओढली, कॉक फिरवला. फुस्स आवाज आला आणि काडी विझली. दुसरी काडी विझली. मग आबा, म्हणजे माझे आजोबा, पुढं झाले. त्यांच्याही हातात काडी विझली.

“कुनीतरी फुकर मारल्यावानी विझतीया,” मामीची चुलत जाऊ म्हणाली. “आवसेला जोडलाय, दुसरं काय व्हनार?”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिथंच शेगडीशेजारी उभी राहून शकुन-अपशकुन, अंधश्रद्धा, बाईच्या कामाला नावं ठेवणारी व्यवस्था, सगळं काढलं. आवाज चांगला लागला होता. मामानं शांतपणे ऐकून घेतलं.

“झालं भाषन? आता पेटवून दाव.”

सगळे हसले. एकटी मामी हसली नाही. मामानं तिथूनच पिशवी बसवणाऱ्यांना फोन लावला, “रविवारी टेम्पो पाठवा, तुमची पिशवी घिऊन जा.”

संध्याकाळी गोठ्यात मामी धार काढत होती. वर न बघता म्हणाली, “पिशवी गेली तर जाऊ दे गं. पन उद्या मी कायबी बोलले की हे म्हनतील, ‘मागं फुगा आणला हुता तसंच ना?’ आता या घरात माझं कोन ऐकनार?”

रात्री चुलत जावेचं एक वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. फुंकर मारल्यासारखी विझतेय. ती बाई चुकली नव्हती. तिनं जे पाहिलं ते बरोबर सांगितलं होतं, चूक फक्त अमावस्येची होती. आपल्या फुंकरीत काय असतं?

सकाळी मी आबांकडे त्यांच्या तंबाखूचा चुना मागितला.

“पोरगी बिघडली,” आबा म्हणाले, पण डबी दिली. चुना पाण्यात ढवळला, खाली बसू दिला, वरचं नितळ पाणी तीन पेल्यांत घेतलं. पहिल्या पेल्यात सायकलच्या पंपानं हवा सोडली. पाणी तसंच राहिलं. “ही आपल्या अवतीभवतीची हवा,” मी मामीला सांगितलं. “पाचातले जवळपास चार वाटे नायट्रोजन, तो जळतही नाही, जाळतही नाही. उरलेला बहुतेक ऑक्सिजन. आपण शोधतोय तो वायू, फुंकरीतला, चुन्याचं पाणी पांढरं करणारा, हिच्यात अगदी नावाला.” दुसऱ्या पेल्यात ठिबकच्या बारीक नळीनं आबांना फुंकायला लावलं. पाणी हळूहळू दुधाळ झालं. तिसऱ्यात पिशवीची नळी बुडवली. चार बुडबुडे येतात न येतात तोच पाणी ताकासारखं पांढरं.

“म्हंजी ही पिशवी माझ्यावानीच उसासे टाकती व्हय?” आबांनी विचारलं.

मामी पेल्याकडेच बघत होती. मी चुलीतला कोळसा उचलून ओट्यावर लिहिलं, CO₂. “पाणी पांढरं करणारा तो हा, कार्बन डायऑक्साइड. C म्हणजे कार्बन. हा कोळसा आहे ना, तोच. O म्हणजे ऑक्सिजन. खालचा बारका आकडा सांगतो, किती ते. एक कार्बन, दोन ऑक्सिजन.”

“आन पेटतो तो?”

मी शेजारी लिहिलं, CH₄. “हा मिथेन. एक कार्बन आणि चार हायड्रोजन. कार्बनला चार जागा असतात, धरायला.”

“गायीला चार सड असत्यात तसं.” मामीनं बोट ठेवलं. “हिथं चार वासरं, एकेका सडाला एक. आन तिथं दोनच?”

“दोन आहेत, पण एकेकानं दोन दोन सड धरलेत.”

ती हसली. मग तिनं माझ्या हातातला कोळसा घेतला. “कोळसा जळतो म्हंजी काय व्हतं?”

“कार्बनला ऑक्सिजन चिकटतो.”

“मग ह्याला तर आधीच चिकटलाय की!” तिनं CO₂ वर हात आपटला. “ह्यो जळून आलेला हाय! राख परत कशी पेटंल? आमी येड्यासारखं राखंला काडी लावतोय!”

मी वर्गात हे समीकरण कितीदा लिहिलं होतं. पण इतक्या जोरात ते मला कधी कळलं नव्हतं.

कारणही मग जुळलं. नव्या पिशवीत आधी हाच वायू भरतो. मिथेन करणारे जंतू सावकाश कामाला लागतात. पहिला गॅस सोडून द्यायचा असतो, आणि हे जोडणाऱ्यांनी सांगितलंच नव्हतं. पण ‘सोडून द्या’ म्हटल्यावर मामा भडकला.

“इतक्या दिसांचं शेन घालून जेवढा जमला तेवढाबी सोडायचा? पुढारनीचं डोकं फिरलंय!”

“जमलाय ती राख हाय,” मामी म्हणाली. तिनं घराबाहेर, चुलीपासून लांब, नळी मोकळी केली आणि पिशवीवर फळी ठेवून दाबत राहिली. टम्म फुगा चरात पार चपटा झाला. गल्लीनं जाणारे थांबून बघत होते. मामीनं पदर खोचला आणि कुणाकडंच पाहिलं नाही.

पिशवी पुन्हा भरायला लागली. शनिवारी मामानं स्वतः चुन्याच्या पाण्यात नळी बुडवली. पाणी पांढरं!

“घ्या! अजून तीच राख.”

खोटं बोलून वेळ मारून नेणं जमलं असतं. “चुना फक्त राख दाखवतो मामा,” मी म्हणाले. “या गॅसमध्ये ती थोडीफार कायम राहणारच. मिथेन आला की नाही, ते चुन्याला कळत नाही. ते काडीलाच कळेल. आणि नाही पेटला, तर मी चुकले.”

रविवारी सकाळी मामीनं काडी ओढली. या वेळी हळदकुंकू नव्हतं, शेजारणी नव्हत्या. कॉक फिरवला. फुस्स झालं. दारातून ऊन शेगडीवर पडलेलं, तिथं काहीच दिसेना.

“न्हाई,” मामा म्हणाला.

मामीनं तळवा शेगडीवर नेला आणि झटकन मागं घेतला. “आई गं! दार लावा! आधी दार लावा!”

दार लावलं. अंधारात निळ्या ज्योतींचं कडं स्थिर जळत होतं. धूर नाही, काजळी नाही. मामीनं पातेलं ठेवलं आणि म्हणाली, “अहो, साखर काढा.”

टेम्पोवाला आला तेव्हा त्याला त्याच शेगडीवरचा चहा मिळाला. मामानंच सांगितलं, “पिशवी ऱ्हाऊ दे. मालकीन देत न्हाई.” टेम्पोवाला वैतागला. आज देवळाली प्रवरा गावातूनही एक पिशवी उचलायची होती, म्हणाला. तिथंही पेटत नाही म्हणून बाई रडून बसली आहे.

“नंबर हाय तिचा?” मामीनं विचारलं आणि त्याच्या हातातून मोबाईल घेतला. पलीकडून हॅलो आलं.

“ताई, तुमी मला वळखत न्हाई. पिशवी दिऊ नका. तुमचा गॅस खराब न्हाई, तो आधीच जळून आलेला हाय. भाईर मोकळ्यावर सोडून द्या... व्हय, सगळा... मालक वरडतील, वरडू द्या. का जळलेला म्हंता? सांगते. तुमच्याकडं गाय हाय ना? मग तिला सड किती?”