पट्टी काळी झाली का?

आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणजे भित्री भागूबाई. हे नाव मी ठेवलेलं नाही हं, त्यांच्या सख्ख्या नवऱ्याने ठेवलंय. पाल दिसली की किंचाळणार, मिक्सरचं बटण मला दाबायला लावणार, दार वाजलं की "तूच बघ गं" म्हणून मलाच पुढे ढकलणार. अशा बाईला नोकरी मिळावी कुठे, तर हॉस्पिटलच्या तळघरात, वाफेच्या मशीनवर! मी वर वॉर्डात नर्स, त्या खाली.

आधी त्यांच्याकडे चादरी आणि कात्र्या-चिमटे जंतू मारायला यायचे. मग साथ आली. मास्क आणि गाऊन मिळेनासे झाले आणि एकदा वापरून फेकायच्या वस्तू वाफवून पुन्हा पुन्हा वापरायची पाळी आली. आजाऱ्यांच्या अंगाशी गेलेलं सगळं आता त्यांच्या हातात.

"उद्यापासून मी जाणार नाही," त्या घरी आल्या की म्हणायच्या. सकाळी माझ्याआधी चपला घालून तयार.

"मग जाता कशाला?" मी एकदा चिडूनच विचारलं.

"दुसरं कुणी नीट वाफवेल का गं? तुझ्या तोंडावर जातो तो मास्क."

मशीनच्या एका बाजूला मळक्या गठ्ठ्यांची गाडी, दुसऱ्या बाजूला स्वच्छ गठ्ठ्यांची. प्रत्येक गठ्ठ्यावर एक पांढरी चिकटपट्टी असते. वाफ पुरती लागली की ती काळी होते. जाऊबाई खाली स्वतः बघायच्या, शिवाय गठ्ठे वर आले की वॉर्डात फोन करायच्या, "पट्टी काळी झाली का?" आम्ही हसायचो.

त्या दिवशी त्यांनी मळका गठ्ठा उचलला आणि छतावरून पाल थेट खांद्यावर पडली. झालं! गठ्ठा भिरकावून बाई बाहेर पळाल्या. धीर करून परत येतात तर गठ्ठा कुठेच नाही. तो पडला होता स्वच्छ गाडीत, आणि गाडी वर गेली होती.

त्यांनी फोन केला. वर एका पेशंटचा जीव जात होता, फोन कोण उचलणार? मग त्या जिन्याने धावत सुटल्या. "त्या वॉर्डात मेले तरी पाऊल टाकणार नाही" म्हणणारी बाई!

इकडे नेमकं माझ्या मास्कचं इलॅस्टिक तुटलं. मी श्वास रोखला, गाडीतला वरचा गठ्ठा फाडला आणि मास्क काढला. तोंडापुढच्या काचेवर वाफ धरलेली, समोरचं धड दिसत नव्हतं. इतक्यात दार धाडकन उघडलं.

"घालू नकोस! अगं, घालू नकोस!"

जाऊबाई! अंगावर साधे कपडे, तोंडावरचं फडकं पळता पळता हनुवटीखाली आलेलं. दोन्हीकडे खोकणारी माणसं आणि मधून या धावतायत. त्यांनी उघड्या हाताने माझ्याकडचा मास्क हिसकावला. गठ्ठ्यावरची पट्टी पांढरीफटक होती. त्याच्याखालचा काळ्या पट्टीचा गठ्ठा उघडून त्यातला मास्क त्यांनी स्वतः माझ्या डोक्यामागे अडकवला. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं.

"अगं बाई, मी आत आले?"

"तुमच्या तोंडावर काही नाही!" मी ओरडले. "आधी बाहेर व्हा!"

त्याच आठवड्यात त्यांना ताप भरला.

आता त्या माझ्याच वॉर्डात आहेत, खिडकीजवळच्या खाटेवर, नाकातोंडावर ऑक्सिजन लावलेला. खरं सांगते, इतकी मी जन्मात घाबरले नव्हते. खाली मशीनवर नवा माणूस आलाय. शीळ घालत काम करतो. "काही होत नाही हो," म्हणतो. त्याच्या गठ्ठ्यावर माझा विश्वास बसत नाही.

म्हणून रोज सकाळी तो गठ्ठा मी आधी जाऊबाईंच्या खाटेशी नेते. "पट्टी काळी झाली का?" सुरुवातीला थट्टाच होती, त्यांनी डोळे उघडावेत म्हणून. त्या बघतात, मान हलवतात, आणि मगच मी गठ्ठा उघडते.

काल त्यांचा ऑक्सिजन फारच खाली गेला. डॉक्टर म्हणाले, घरी कळवून ठेवा. मला भावजींना फोन करवला नाही.

आज सकाळी हाक मारली. डोळे उघडले नाहीत. पुन्हा मारली, तरी नाही.

"जाऊबाई! अहो भागूबाई, पट्टी काळी झाली का?"

मी खांदा हलवला. पापण्या जराशा हलल्या. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, कितीतरी वेळ. मग तोंडावरचा मास्क एका बोटाने उचलला.

"खालचं टोक बघ. पांढरं आहे. परत पाठव."

मी तोंडापुढची काच पुसून पाहिलं. पांढरंच होतं.

गठ्ठा परत पाठवला. नवा येईपर्यंत मी स्टुलावर बसून राहिले. त्यांनी माझा हात गच्च धरून ठेवला होता. भीती वाटत होती त्यांना. मलाही वाटत होती.