आज्ञाधारक थोरली

थोरलीने पीएचडी केली ती मूत्रपिंडाच्या पेशींवर, आणि त्या पेशींनी तिच्या सगळ्या सुट्ट्या खाल्ल्या. पेशींना रविवार नसतो. दिवसाआड त्यांचे खाद्यद्रव बदलावेच लागते. प्रयोगशाळेच्या सरांना मात्र शनिवार-रविवार दोन्ही होते, आणि उरलेल्या दिवसांत उद्घाटने. पेशी वाढवायची थोरली, आणि परिषदेत "आम्ही वाढवल्या" म्हणून छाती फुगवायचे सर. देवाने माणसाला लाज दिली ती वापरण्यासाठी. सरांनी ती कोरी करकरीत ठेवली होती.

पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या, शिष्यवृत्तीसाठी अर्ज करायचे तिचे हे शेवटचे वर्ष. पुढच्या वर्षी वयाची अट आडवी येणार होती. सगळे जमले होते, अडले होते ते सरांच्या शिफारसपत्रापाशी.

"तूच लिहून आण गं, मी सही ठोकतो," सर म्हणाले. तिथे सर्रास असेच चालते. आपलीच आरती आपण ओवाळायची! थोरलीने लाजत लाजत एवढेच लिहिले: 'स्वतंत्रपणे विचार करते.'

एरवी सर सहीखेरीज कागदाकडे बघत नसत. नेमके हे वाचले. ते शब्द खोडून वर लिहिले, 'आज्ञाधारक आहे.'

"सर, शिष्यवृत्ती स्वतंत्र संशोधनासाठी आहे."

"अगं, बरं दिसतं ते. आणि एवढी घाई कसली? तू गेलीस की इथलं बघणार कोण?"

आले पोटातले ओठावर!

घरी आई म्हणाली, "आज्ञाधारक? तू? साधा पंखा बंद करायला तीनदा ओरडावं लागतं! नक्की तुझ्याबद्दलच लिहिलंय ना त्याने?"

थोरली हसली, मग रडली, मग चपला घालून निघाली. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत ज्या बाईंनी तिला घाम फोडला होता, थेट त्यांच्याच दारात.

"तुझा शेवटचा निष्कर्ष मला अजून पटलेला नाही," बाई म्हणाल्या. "ते शिफारसपत्रात लिहीनच. आणि मी हात धुऊन मागे लागले, तरी तू तसूभर हटली नाहीस, हेही लिहीन. चालेल?"

"पळेल, बाई!"

शिष्यवृत्ती मिळाली. विभागाच्या बैठकीत सर उठले. "माझ्या पत्राने काम केलं बरं का!"

"नाही सर," थोरली सगळ्यांदेखत म्हणाली, "तुमचं पत्र मी पाठवलंच नाही."

कोणीतरी खोकले. सर घोटभर पाणी प्यायले आणि त्यांनी पुढचा विषय घेतला.