बर्फ न लागलेला मासा

"साहेब, तो मासा बर्फात टाकू नका," मी म्हटलं. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. पण ऐकतील तर ते साहेब कसले! माझ्या गळाला लागलेला मासा त्यांनी माझ्याच हातातून उचलला, त्याच्यासोबत फोटो काढून घेतला आणि धाडकन आपल्या निळ्या पेटीत टाकून वर बर्फ सारला. "अरे, फ्रेश राहतो," म्हणाले. मला मासळी शिकवतायत! ज्याचं अर्धं बालपण होडीत गेलं, त्याला!

आता हा राग नुसत्या माशाचा नव्हता. तो कुठून आला ते सांगतो.

मी आणि माझा चुलत भाऊ ओमानमध्ये, दुक्म गावी, एकाच प्रकल्पावर आहोत, कॅम्पात एकाच खोलीत राहतो. तो वेल्डर, मी फिटर. वयाने मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. शटडाऊनचं, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीचं काम ऐन भरात असताना दादाचे वडील, म्हणजे माझे काका, गावी वारले. दादाने रजा मागितली. आमचे साहेब पुण्याचे, पन्नाशी गाठलेले. आम्हाला वाटलं, मराठी आहे, आपला माणूस आहे. तर आपला माणूस म्हणाला, "आय अंडरस्टँड रे, पण आत्ता वेल्डर सोडता येत नाही. शटडाऊन खलास झाला की जा, इन्शाल्ला." इन्शाल्ला म्हणे! अरे, मेलेला माणूस काय तुमचा शटडाऊन संपेपर्यंत थांबणार आहे?

आणि काका थांबले हो. जेटीवरच्या कारखान्यातून बर्फाच्या लाद्या आणल्या, होड्यांमध्ये मासळीवर फोडून टाकतात त्याच, आणि थोरला येईल म्हणून काकांना रात्रभर त्यांच्यावर ठेवलं. तो येत नाहीये हे काकीला सांगायचा कोणाला धीर झाला नाही. सकाळी धाकट्याने अग्नी दिला. दादाकडे व्हिडिओ आला. त्याने तो जेवणाच्या सुट्टीत पाहिला, फोन खिशात टाकला आणि मास्क लावून पुन्हा कामाला लागला.

तेव्हापासून मी पेटलेलो आणि दादा गप्प. मी खोलीत साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. दादा कूस बदलून म्हणायचा, "गप ऱ्हव रे." त्याचाही मला राग यायचा. माणसाने जरा तरी चिडावं की नाही?

आमच्या गावात अग्नी देण्याआधी मयताच्या तोंडात शेवटचं पाणी थोरल्या मुलाने घालायचं असतं. आणि सुतक फिटलं तरी त्या घरात लगेच मासे शिजत नाहीत. भावकीबाहेरच्या, वयाने मोठ्या माणसाने यायचं, थोरल्या मुलासमोर बसायचं आणि त्याला विचारायचं, शेवटचं पाणी कोणी पाजलं? त्याने उत्तर दिलं की मासे-भाताचा पहिला घास आपल्या हाताने त्याला भरवायचा. मासा ताजा हवा, बर्फ न लागलेला. थोरल्याने खाल्लं की मगच घरचे खातात. म्हणजे इकडे दादा मेसमधली डाळ गिळत होता आणि तिकडे काकी, धाकटा, त्याची पोरं, सगळी बिनमाशाची. खिडकीतून समुद्र दिसणाऱ्या घरात पोरं रोज रडतायत, आज पण वरणच? काकी फोनवर दुसरं काही विचारतच नव्हती. "खाल्लस काय रे?" एवढंच.

मेसमध्ये मासे मिळायचे, नाही असं नाही. गोठलेले, पांढरे, चौकोनी तुकडे. त्याला मासा म्हणायचं तर साबणाला लोणी म्हणायला हरकत नाही.

समुद्रावर जायचं तर गाडी साहेबांकडेच, आणि साहेबांना मासेमारीचा भारी नाद. महागडा रॉड, घडीची खुर्ची, बर्फाची पेटी, सगळा थाट. दादाने परस्पर जाऊन त्यांनाच विचारलं. मला कळलं तेव्हा मी उखडलो, मी येत नाही म्हणालो. पण दुखवट्यात दादा गळाला हात लावणार नव्हता. गेलो झक मारत.

शुक्रवारची दुपार. खडकावर वारा असा की उभं राहवेना. साहेब रॉड फेकतायत, गुंतवतायत, सोडवतायत. मी आपला साधा दोरा बोटाला गुंडाळला, गरीला आमिष म्हणून माकुलाचा तुकडा लावला आणि कपारीत सोडून बसलो. बऱ्याच वेळाने हिसका बसला. असा बसला की बोट कापलं. ओढून काढला तर हमूर! गावी आम्ही गोबरा म्हणतो तो, हातभर लांब, ठिपक्याठिपक्यांचा. मी सगळा राग विसरून बोंबललो, "दादा, गोबरो!" आणि दादा हसला. काका गेल्यापासून पहिल्यांदा.

आणि तेवढ्यात साहेबांनी तो पेटीत टाकला.

मी पेटी उघडली, बर्फ उपसून खडकावर भिरकावला आणि मासा बाहेर काढला. "बर्फ नको म्हटलं होतं ना! माणसं ठेवा बर्फात, मासे ठेवा बर्फात, दुसरं काही येतं का तुम्हाला?" साहेब खडकावरचा बर्फ गोळा करायला लागले. त्यांना कसं कळणार? त्यांनी विचारलंच कुठे होतं!

मी पुन्हा दोरा सोडायला निघालो. दादाने मला थांबवलं. "ह्योच होयो, दुसरो नको," तो म्हणाला. "बर्फ लागलो तर लागलो. बाबांकाय लागलो होतो."

मी दोरा गुंडाळून ठेवला. मी मासा साफ केला. गॅसची लहान शेगडी पेटवली, गावचा मसाला, सोलं, नारळाच्या दुधाचा डबा, सगळं आणलंच होतं. कालवण उकळायला लागलं तेव्हा तो वास नाकात शिरला आणि, खोटं कशाला बोलू, तोंडाला पाणी सुटलं.

आता भरवायचं कोणी? मी भावकीतला, मला चालत नाही. मी ठरवलं होतं, गावाहून दादाचे मामा फोनवर प्रश्न विचारतील आणि त्यांच्या वतीने मी घास देईन. मोडतोड का होईना, रीत झाली असती. पण त्या खडकांत रेंजच नाही! मी फोन उंच धरून इकडून तिकडे धावतोय, आणि मागे दादा शांतपणे साहेबांना सगळं समजावून सांगतोय. काय विचारायचं, कधी भरवायचं.

"अरे, एवढंच ना? शुअर," साहेब म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ह्यांच्या हातचं खाणार? दादा, लाज वाटत नाही तुला? उपाशी मर, पण..."

"गप ऱ्हव," दादा म्हणाला. "वाट बघतत थंय."

साहेबांनी हात धुतले, मांडी घातली. काटे काढून घास नीट केला, तेवढं मान्य करतो. मग पाठ केल्यासारखं, हसतमुखाने विचारलं, "शेवटचं पाणी कोणी पाजलं?"

आमच्याकडे घरोघरी याचं उत्तर एकच असतं. मी पाजलं.

माझ्याशी जन्मात मालवणीशिवाय न बोलणारा दादा, साहेबांना नीट कळावं म्हणून शुद्ध बोलला. "मी नाही पाजलं, साहेब. तुम्ही सोडलं नाहीत."

आवाज चढवला नाही, नजर काढली नाही. इतके दिवस मी घसा फोडत होतो आणि हा गप्प बसून हे एक वाक्य धरून बसला होता.

साहेबांचा हात तसाच राहिला. कालवण मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली.

"भरवा, साहेब," दादा म्हणाला आणि तोंड उघडलं. "घरी सगळे थांबलेत."