धाकटीचं लुगडं

रिसोडच्या बाजारात बसणाऱ्या माणसांची एक समजूत होती, की सगळं जग म्हातारं होईल, पण फुलचंद मास्तरांच्या मेळ्यातली धाकटी काही होणार नाही. ज्यांनी तिला बापाच्या खांद्यावर बसून पाहिलं होतं, ते आता आपली पोरं खांद्यावर घेऊन तिला दाखवत होते. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. मारुतीची मूर्ती तरी कुठे वाढते?

धाकटीचं नाव रंगू. आसेगावच्या माळवं पिकवणाऱ्या घरात ती मोठ्या दुष्काळाच्या आगेमागे जन्मली. आई-बाप गेल्यावर मामाने तिला मेळ्यात आणून सोडलं आणि सोडताना तिच्या गळ्याची तोंड भरून तारीफ केली. त्याआधी आणि त्यानंतर त्याने तिच्याबद्दल चांगलं बोलल्याची नोंद नाही.

फुलचंद मास्तर पेटी वाजवत आणि हिशेबी विचार करत. घरंदाज माणूस बायकापोरांना घेऊन तमाशाला जात नाही, पण तीन सख्ख्या बहिणी देवाची आणि बोधाची गाणी म्हणत असतील तर जातो, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून त्यांनी बहिणी जमवल्या. एक मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची धनीबाई, एक खुद्द रिसोडची प्रयाग आणि ही आसेगावची रंगू. तिघींची एकाच रंगाची परकर-पोलकी शिवली, सारख्या लाल फितींच्या वेण्या घातल्या आणि बोर्ड रंगवला : ‘तीन बहिणींचा मेळा’. तिघी एकमेकींशी इतकं कडाकडा भांडायच्या, की त्या सख्ख्या नाहीत असा संशय कोणालाही आला नाही.

थोरली कोण, मधली कोण हे मास्तरांनी उंचीवर ठरवलं. रंगू सगळ्यांत बुटकी, म्हणून धाकटी. मेळ्यातलं प्रत्येक गाणं एकाच घाटाचं असे. थोरली जगाचा एखादा अवघड सवाल टाकणार, मधली त्याचा बोध करणार आणि शेवटी धाकटीने वेणीचं टोक दातात धरून, मान वेळावून, एकच ओळ म्हणायची : ‘मले नाई माहीत गं बाई!’ त्या ओळीला मांडव कोसळायचा. सवाल ब्रह्माचा असो की कपाशीच्या भावाचा, धाकटीला माहीत नसे.

पहिली काही वर्षं हे खरंही होतं.

पुढे रंगूला बरंच काही माहीत झालं, पण उंचीने साथ दिली नाही. धनीबाई एका ठेकेदाराबरोबर कारंज्याला निघून गेली, तेव्हा रंगूला वाटलं, आता आपली पायरी वर सरकेल. मास्तरांनी सीता नावाची सतरा वर्षांची, ज्वारीच्या ताटासारखी उंच पोरगी आणली आणि थोरली केली. तोवर रंगूची तिशी जवळ आली होती. प्रवेश सुरू होताना धाकटीने थोरलीच्या पाया पडायचं, असा रिवाज होता. रंगू पाया पडायची. सीता डोक्यावर हात ठेवून म्हणायची, “शाळेत जात जा व, लहाने.”

“मास्तर, मले लुगडं नेसू द्या,” रंगूने एकदा म्हणून पाहिलं.

“धाकटी लुगडं नेसली, त धाकटी कोण?” मास्तरांनी पेटीचा भाता न थांबवता विचारलं. त्यांच्या मते हे उत्तर होतं.

आवाजही खाली उतरला होता. मास्तर पेटीवर काळी पाचची उंच पट्टी धरून बसलेले आणि रंगूचा गळा आता कुठल्या कुठे भरदार, खालच्या पट्टीत रमणारा. मग ती ज्येष्ठमध चघळून, नाक दाबल्यागत, पातळ आवाज काढायची. स्वतःच्या आवाजात ती फक्त नदीवर कपडे धुताना गायची आणि कोणी येताना दिसलं की दुसऱ्याची वस्तू हातात सापडल्यासारखी गप्प व्हायची. ट्रंकेच्या तळाशी तिने एक हिरवं, लाल काठाचं लुगडं घेऊन ठेवलं होतं. मांडव रिकामा असला की कनातीमागे नेसायची, दोन येरझारा घालायची आणि पुन्हा परकर चढवायची. कासोटा तिला फार सुबक घालता यायचा. तो पाहणारं कोणी नव्हतं.

रिसोडच्या वेशीवर इंद्रभानचा मळा होता. बायको वारलेली, मूलबाळ नाही, आणि विहिरीसकट सगळा मळा मनकर्णाबाई नावाच्या आत्याचा. मेळ्याचा मुक्काम विहिरीजवळ पडला, की इंद्रभान धाकटीसाठी एक गाजर राखून ठेवायचा. एकदा पाणी भरताना ती त्याला म्हणाली,

“मले कायले देता जी गाजर?”

“लेकराले देतो मी. खाय.”

“मोठ्या दुष्काळात आमच्या गावानं झाडपाला खाल्ला. तवा मी रांगत होतो म्हनते मामी.”

इंद्रभानने बोटं मोजायला घेतली. एका हाताची संपली, दुसऱ्या हाताची संपली, पुन्हा पहिल्यावर आला. मग त्याने गाजर तिच्या हातातून परत घेतलं, मळ्यात गेला आणि चांगली भरताची वांगी घेऊन आला.

“हे घ्या,” तो म्हणाला. “मले माफी करा. मी तुमाले...”

रंगूला आयुष्यात पहिल्यांदा कोणी ‘घ्या’ म्हटलं होतं. वांगी हातात धरून ती कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मेळ्यात स्वयंपाक सीताची मावशी करायची, त्यामुळे वांग्यांचं काय करायचं हेही तिला कळेना.

त्या मुक्कामात आणि पुढच्यात मिळून दोघांचं ठरलं. अडचण एकच. आत्याच्या होकाराशिवाय मळ्यात मेथीसुद्धा पेरली जात नसे.

“आत्या म्हनते, मेळ्यातली असली तरी चालंल, देवाची गानी म्हनते. पन मोठी बाई पाह्यजे, घर सांभाळनारी,” इंद्रभान म्हणाला. “तिनं तुमाले पाह्यलंच नाई कधी.”

“मंग बाजाराच्या दिवशी दुपारच्या खेळाले आना तिले. पुढं बसवा. मी लुगडं नेसून येतो.”

“मास्तर नेसू देईन?”

“इचारतं कोन?”

रंगूचा हिशेब साधा होता. एकदा हजार माणसांसमोर ती बाई म्हणून उभी राहिली, की तिला पुन्हा पोरगी कोण करणार? मास्तर हाकलतील, तर हाकलोत. मळा चालत गेलं तरी हाकेवर होता.

बाजाराच्या दिवशी मांडव खचाखच भरला. पुढच्याच सतरंजीवर मनकर्णाबाई, शेजारी इंद्रभान, नवं धोतर नेसून आणि घाम पुसत. सीताने सवाल टाकला, प्रयागबाईने बोध केला. धाकटीची पाळी आली आणि कनातीमागून रंगू बाहेर आली. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, केसांचा अंबाडा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती धीमे चालत मधोमध आली. ती कोणाच्या पाया पडली नाही. आणि नदीवरच्या त्या खालच्या, भरल्या आवाजात तिने ओळ उलटी करून म्हटली : ‘मले सारं माहीत हाय गं बाई!’

क्षणभर मांडव गप्प झाला. रंगूला वाटलं, झालं.

मग जो हशा उसळला, तसा हशा रिसोडने पाहिला नव्हता. माणसं एकमेकांच्या अंगावर कोसळली. कोणी टोपी उडवली. “अबे, धाकटीनं मायचं लुगडं नेसलं!” एकजण ओरडला. “आवाज पाह्य ना कसा काढते, पाटलीनबाईवानी!” रंगू हलली नाही. ती जितकी ताठ उभी राही, तितके लोक जास्त हसत. तिने चेहरा गंभीर केला, तेव्हा तर एका म्हाताऱ्याला पाणी पाजावं लागलं. मास्तरांनी, जे आधी पांढरेफटक पडले होते, प्रसंग ओळखून पेटीचा सूर खाली आणला आणि साथ धरली.

सगळ्यांत जास्त हसली मनकर्णाबाई. डोळ्यांतलं पाणी पदराने टिपत ती खेळ सुटल्यावर आत आली आणि रंगूची हनुवटी धरून म्हणाली,

“लय गोड पोट्टी हाय, माय! मोठ्या बाईची नक्कल कशी हुबेहूब केली! कासोटासुदिक घालता येते व इले!”

“आत्या,” इंद्रभान म्हणाला, “हेच ते.”

“कोन हेच?”

“मी म्हनलो होतो ते. रंगूबाई.”

मनकर्णाबाईचं हसू उतरलं. तिने भाच्याकडे पाहिलं, मग रंगूकडे, मग पुन्हा भाच्याकडे.

“इंद्रभान, लाज हाय का तुले? लेकरू हाय हे! आन् सरकारचा नवा कायदा मालूम नाई? चवदाच्या आतली पोट्टी घरात आनली त दंड करते, जेलात टाकते. या वयात मले खडी फोडाले लावतं का?”

“आत्याबाई, मी तिशीची हावो,” रंगू म्हणाली.

“हाव माय, हाव,” मनकर्णाबाई मायेने म्हणाली आणि तिने पदराच्या गाठीतून साखरफुटाणे काढून तिच्या तळहातावर ठेवले.

इंद्रभान भला माणूस होता, पण आत्याशी भांडायचं तर विहीर सोडून भांडावं लागलं असतं. तरी त्याने एक वाट काढली. मेळ्यातल्या एका माणसाने आत्यासमोर रंगूचं वय सांगावं. मास्तरांना विचारलं, तर ते म्हणाले, “कलावंताचं वय बोर्डावर रंगवलेलं असते. तिथं काय लिवलं? धाकटी.” मग रंगूने प्रयागबाईला धरलं. दोघी एकाच वर्षी मेळ्यात आलेल्या.

“तुले सारं माहीत हाय प्रयागे. एक डाव सांग आत्याले.”

“सांगतो ना,” प्रयागबाई वेणी घालत म्हणाली. “पन तू तिशीची, त तुह्यी मधली बहीन कितीची व? मी त्या कापडवाल्याले एकवीस सांगतले. आन् आता कुठं त्यानं खोली पाह्यली माह्यासाठी.”

तिघींची वयं दावणीच्या बैलांसारखी एकमेकांत बांधलेली होती. एक सोडवायला गेलं की सगळी ओढली जाणार.

“रागावली काय व?” प्रयागबाईने विचारलं.

“मले नाई माहीत गं बाई,” रंगू म्हणाली. प्रयागबाई हसली. सवय.

पुढच्या उन्हाळ्यात मनकर्णाबाईने भाच्यासाठी मुलगी पाहिली. कायद्याने चोख, पंधरा पुरी झालेली. वरात मांडवावरून गेली तेव्हा रंगूने नवरी पाहिली. ती रंगूपेक्षा वीतभर उंच होती.

मास्तरांनी रंगूला हाकललं नाही. उलट ‘धाकटीचं लुगडं’ हा प्रवेश त्यांनी कायमचा केला आणि बोर्डावर ताज्या रंगात लिहून घेतला. म्हणजे रंगूला रोज लुगडं नेसायला मिळू लागलं. गाणं संपेपर्यंत. मग कनातीमागे जाऊन परकर घालायचा, कारण शेवटच्या आरतीला तिन्ही बहिणी सारख्या दिसायला हव्यात. मंगरूळपीर, मानोरा, वाशीम, जिथे जाईल तिथे माणसं आधी तेच मागायची. तिचा खरा आवाज आता रोज हजार माणसं ऐकत होती, आणि तो नकली आहे याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती. काही वर्षांनी तिच्या कानशिलांवर पांढरे केस आले. लोक म्हणाले, यंदा मास्तरांनी रंगकामाला खर्च केला बुवा.

शेवटी हे सगळं मोडलं ते बोलपटांनी. तंबूत पडद्यावरच्या बायका गाऊ लागल्या आणि त्या कधीच म्हाताऱ्या होत नसत, अगदी मास्तरांना हवं तसं. लढाईच्या वर्षांत रॉकेल मिळेना, मांडव बसले, मास्तर गेले. सीता आपल्या मुलांत रमली. प्रयागबाई कापडवाल्याच्या खोलीत होती, अजून पस्तिशीच्या आत. रंगूने रिसोडलाच एक खोली घेतली आणि लग्नाघरी हळदीची गाणी म्हणून पोट भरू लागली. परकर तिने पोतेऱ्याला काढला.

एका बाजाराच्या दिवशी ती पहिल्यांदाच स्वतःसाठी भाजी घ्यायला निघाली. तेच हिरवं लुगडं, आता विटलेलं. माळव्याच्या ओळीत इंद्रभान बसला होता. मिशा पिकलेल्या, बाजूला तराजू, आणि मागे पोत्यावर मनकर्णाबाई, वाळून एवढीशी झालेली, डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना न्याहाळणारी.

म्हातारीने रंगूला बराच वेळ निरखलं. मग तिचा चेहरा उजळला.

“अवं, तू मेळ्यातली धाकटी ना? केवढी मोठी झाली व माय!” तिने भाच्याच्या पाठीत बोट खुपसलं. “इंद्रभान, पाह्य ना. तवा मी म्हनलो नव्हतो, लेकरू हाय म्हनून? आता झाली पाह्य लगनाची.”

इंद्रभानने मान खाली घातली ती वर काढली नाही. समोरच्या टोपलीत गाजरं होती, शेजारी वांगी. त्याचा हात दोन्हींच्या मध्ये थांबला.

रंगूचा हात आपसूक खांद्याकडे गेला, वेणीचं टोक शोधत. तिथे काही नव्हतं. केस वर अंबाड्यात होते. हात तसाच खाली आला आणि तिने एक वांगं उचललं, देठ दाबून पाहिला, उलटं केलं, कीड आहे का पाहिलं.

“वांगे कसे देले?” तिने विचारलं. आपल्या आवाजात, खालच्या पट्टीत. बाजारात कोणी हसलं नाही.

इंद्रभानने भाव सांगितला.

“एवढा?” रंगू म्हणाली. “मले काय लेकरू समजता का?”

आणि ती पदर खोचून टोपलीसमोर बसली, घासाघीस करायला.